प्रसंगावधान

लिफ्टला बसलेला धक्का तसा किरकोळ होता. ताटातली वाटी जराशी सरकावी, एवढाच. तिसरा मजला मागे पडला होता, चौथ्याचा आकडा अजून पेटायचा होता, आणि मधेच ती थांबली. वरचा पंखा दोन-तीनदा घरघरला आणि गप्प झाला. दिवा मात्र तसाच राहिला. मी पाचाचं बटण पुन्हा दाबलं, मग तळमजल्याचं, मग घंटेचं. शहरात राहायचं तर अशा गोष्टींचं वाईट वाटून घ्यायला सवड नसते. "होतं असं कधीकधी, काका," मी बटणांकडे बघतच म्हणालो. "दोन महिन्यांपूर्वीच नवी बसवलीय. आधीची जाळीची होती ती बरी होती, म्हातारी होती पण कधी अडली नाही." उत्तर आलं नाही म्हणून मी वळलो. टिल्लूकाका कोपऱ्यात खाली बसले होते. गुडघे छातीशी आवळलेले, मान मागे टाकलेली, चेहरा थेट छताकडे, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर. तळवे उघडे, वरच्या पत्र्याला टेकू द्यायला निघाल्यासारखे. पत्रा त्यांच्यापासून चांगला पाच फूट वर होता. मला आधी वाटलं, पडले. मग वाटलं, चेष्टा करताहेत, कारण ते चेष्टेखोर होतेच. पण त्यांचं तोंड उघडं होतं आणि ते हवा चमच्या-चमच्याने पिऊन घेत होते.

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. टिल्लूकाका त्यांचे जहाजावरचे दोस्त. उंची पाच फुटांना कधी शिवली नाही म्हणून टिल्लू. त्यांचं खरं नाव आमच्या घरात कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांना दवाखान्यात येता आलं नाही, शेवटचं दर्शनही चुकलं. आज अकराला येतो असा त्यांचा निरोप आला आणि मी रजा टाकून फाटकाशी जाऊन उभा राहिलो. ते नेहमीसारखे सरळ जिन्याकडे वळले. "काका, डोळ्यावर हिरवी पट्टी, गुडघ्यांची ही बोंब, पाच मजले कुठे चढताय?" मी म्हणालो. "चढतो रे सावकाश. मला घाई नाही." "मला आहे ना. आई वाट बघतेय. चला." आणि मी त्यांना हाताला धरून आत घातलं. म्हाताऱ्या माणसाचा नकार आपण नकार धरतच नाही, संकोच धरतो. दार मिटताना त्यांनी माझी बाही पकडली होती. डोळ्याच्या पट्टीमुळे तोल जात असेल, असं मी मनात म्हटलं आणि स्वतःच्या समजूतदारपणावर खूशही झालो.

माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हा एक घडी केलेला कागद होता. माजी सैनिकांच्या संघटनेला त्यांच्या पत्रिकेसाठी बाबांविषयी दहा ओळी हव्या होत्या. मी न्यायालयात लघुलेखक आहे. साक्षीदार जे बोलतो ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, हे माझं तीस वर्षांचं काम. तो 'नाही' म्हणाला तर नाही, 'नाही बहुतेक' म्हणाला तर नाही बहुतेक. पदरचं एक अक्षर घालायचं नाही. त्यामुळे स्वतःहून काही लिहायची वेळ आली की माझी अवस्था भाड्याचे कपडे घातलेल्या माणसासारखी होते. तीन दिवस खपून मी नऊ ओळी पाडल्या होत्या. 'पंधरा वर्षे नौदलात निष्ठेने सेवा. प्रसंगावधानाबद्दल गौरवपत्र प्राप्त. अत्यंत कुटुंबवत्सल.' दहावी ओळ सुचत नव्हती. टिल्लूकाकांना विचारावं, एखादा जहाजावरचा किस्सा मिळाला तर बघावं, असा माझा बेत होता.

कुटुंबवत्सल हा शब्द मी आधी खोडला होता, मग पुन्हा घातला. तो शब्द जाहिरातीतल्यासारखा वाटतो, पण बाबांच्या बाबतीत दुसरा आणायचा कुठून? नौदलातून आल्यावर त्यांनी इस्पितळाच्या धुलाईखान्यात बॉयलरवर नोकरी धरली. सकाळी सहाची पाळी मागून घेतली, कारण त्या पाळीचा माणूस तीनला घरी पोहोचतो आणि आमची शाळा साडेतीनला सुटायची. फाटकाशी सगळ्यांच्या आया उभ्या असत आणि त्यांच्यात हा एक सहा फुटी बाप्या, अंगाला साबणाच्या वाफेचा वास, हातात माझ्या बहिणीचा राहिलेला रुमाल. तिच्या वेण्या तेच घालत. दोरखंडाचे पेड घालणारा हात तो, वेणी सुटायचं म्हणून नाव घ्यायची नाही. रात्री सोडताना ती कळवळायची. आमच्या गणवेशाच्या घड्या इतक्या कडक असत की त्यावर पेन्सिलीला टोक काढता येईल, असं मास्तर म्हणायचे. आईला एकदा सहा महिने अंथरुणावर पडून राहावं लागलं, तेव्हा या माणसाने घर असं चालवलं की ती उठल्यावर तिलाच वस्तू सापडेनात. समुद्राबद्दल मात्र अवाक्षर काढायचे नाहीत. सहल समुद्रावर असेल तर डबा भरून देत, स्वतः येत नसत. जहाजावर त्यांना 'कुलूप' म्हणत, हे टिल्लूकाकांनीच आम्हाला सांगितलं होतं. आम्ही पोट धरून हसलो होतो. इतकं चपखल नाव, बोलून चालून तोंडाला कुलूपच.

आणि दारं. घरात शिरले की बाबा आधी दारं बघत. स्वयंपाकघराचं, न्हाणीघराचं, कपाटाचं, फडताळाचं. लोटलेलं दार त्यांना चालत नसे. लावलेलं पाहिजे, कडी बसलेली पाहिजे, आणि कडी बसल्यावर ते तिच्यावर एकदा तळवा ठेवत. आई म्हणायची, आमच्याकडे वारासुद्धा विचारून येतो. याला वर्षानुवर्षं एकच अपवाद होता. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी टिल्लूकाका यायचे, आणि त्या दिवशी सकाळपासून दाराखाली वीट सरकवलेली असायची. दार सताड उघडं. टिल्लूकाकांची खुर्ची उंबऱ्याशी, निम्मी आत, निम्मी बाहेर. त्यांना दमा आहे, मोकळी हवा लागते, असं आम्ही समजत होतो. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. बाबा महिनाभर बिघडलेल्या वस्तू त्या दिवसासाठी राखून ठेवत, इस्त्री, छत्री, घड्याळ, आणि दोघं काहीही न बोलता त्या दुरुस्त करत बसत. चार तासांत चार वाक्यं. निघताना टिल्लूकाका म्हणायचे, "बरंय, कुलूप." बाबा म्हणायचे, "ये." इतकी जुनी मैत्री की बोलायची गरजच नाही, असं मी माझ्या बायकोला कौतुकाने सांगत आलो. गौरवपत्राचंही तसंच. आईने ते एकदा चौकट करून भिंतीवर लावलं, तर बाबांनी संध्याकाळी उतरवून गोधड्यांच्या खाली ठेवून दिलं. भिंतीला भोक कशाला, म्हणाले. भटारखान्यात आग लागली होती ती त्यांनी विझवली, म्हणून पत्र मिळालं, ही कथा माझी की बहिणीची, आता आठवत नाही. आम्हीच कधीतरी रचली आणि पुढे तीच खरी झाली.

खालून कुणीतरी दारावर थाप मारली. "साहेब, अडकलात का?" पहारेकऱ्याचा आवाज. "मेकॅनिक निघालाय, पंधरा-वीस मिनिटं. घाबरू नका." मी मुठीने दोनदा दार ठोकून दाखवलं, आम्ही आहोत, ठीक आहोत या अर्थाने. पोकळ पत्र्याचा आवाज झाला. खालून पुन्हा दोन ठोके आले.

"ठोकू नकोस," टिल्लूकाका म्हणाले. आवाज अगदी साधा होता, मीठ दे म्हणावं तसा. हात मात्र अजून वरच होते.

"काका, हात खाली घ्या. काही होत नाही. हवा येतेय, ही बघा फट."

"फट दिसतेय मला. ठोकू नकोस तेवढं. ठोकलं की वाटतं, आता उघडेल."

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. त्यांचे हात धरून खाली आणले. ते लहान पोराच्या हातांसारखे लगेच खाली आले. त्यांना बोलतं ठेवावं, एवढ्याच हिशोबाने मी विचारलं, "जहाजावर कधी अडकला होतात का असे?" त्यांनी माझ्याकडे उघड्या डोळ्याने बघितलं. दुसऱ्यावर हिरवी पट्टी होती. त्या एका डोळ्यात मी बाप मेलेला एकावन्न वर्षांचा माणूस नव्हतो, मला वाटतं मी बाबांचा कुणी वकील होतो.

"तुला सांगितलं नाही त्याने?"

"काय?"

"कुलूप कशाला म्हणायचे ते."

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, चार शब्द बोलायचे, छताकडे बघायचे, पुन्हा चार शब्द. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी पहाटेच्या धुक्यात एका मालवाहू जहाजाने त्यांच्या जहाजाला बाजूने घासलं. घासलं एवढंच, पण खाली पाण्याच्या पातळीखाली पत्रा फाटला. तिथे सामानाची कोठी होती, आणि कोठीत दोघं जण दोरखंड लावत होते, टिल्लू आणि पहिलवान. पहिलवान म्हणजे टिल्लूच्या दुप्पट माणूस, हौसेने कुस्ती खेळणारा, लग्नाला सात महिने झालेले. कोठीतून वर यायला शिडी, आणि शिडीच्या टोकाला वरच्या मजल्याच्या जमिनीत लोखंडी झाकण. झाकणाला आठ कड्या. त्या मजल्यावर तेव्हा बाबांचा पहारा होता. नियम असा की पाणी शिरलं की झाकण लावायचं. आत कोण आहे हे बघायला उतरायचं नाही, झाकण लावायचं आणि मग माणसं मोजायची. "त्याने लावलं. मी शिडीच्या चौथ्या पायरीवर होतो. त्याचा चेहरा दिसला मला. त्यालाही माझा दिसला असेल. मग आठ कड्या ऐकल्या. एकेक."

साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहून म्हणतात, मला धक्का बसला. मी ते हजारदा लिहिलं असेल; आमच्या लिपीत त्याला एक आखूड रेघ आणि एक टिंब पुरतं. तो नेमका कुठे बसतो, हे मला ठाऊक नव्हतं. तो पोटऱ्यांत बसला. समोरच्या पत्र्यावर माझंच अंधुक रूप दिसत होतं, आणि त्याचं कपाळ, नाक, कान थेट बाबांचे होते. मला एकाएकी त्यांच्या तळव्याची आठवण झाली, कडी बसल्यावर तिच्यावर ठेवलेल्या. रोज, प्रत्येक दाराला. त्याच तळव्याने ते आमचा ताप बघायचे.

"किती वेळ?" मी विचारलं.

"पाऊण तास म्हणाले नंतर. पाणी वर येत होतं. पहिलवानाने मला खांद्यावर उभा केला. म्हणाला, तू टिल्लू आहेस, तुला जागा कमी लागते. वर झाकणाखाली वीतभर हवा होती. माझ्या हातात पाना होता. मी ठोकत होतो आणि वरून तुझा बाप ठोकत होता. मी दोन, तो दोन. म्हणजे तो तिथेच होता. गेला नाही कुठे. बाकीचे ओरडत होते वर, उघडा, उघडा, ऐकू यायचं सगळं. दोघं-तिघं त्याच्या अंगावर धावून गेले. तो झाकणावर उभा राहिला. त्याचे बूट माझ्या डोक्यावर होते, मधे बोटभर लोखंड."

"आणि पहिलवान?"

"तो उभा होता. मला वाटत होतं, उभा आहे. मग खालचा खांदाच नाहीसा झाला." त्यांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. "मग बाहेरून फाटलेल्या जागेवर गादी दाबली, पंप लावला, पाणी उतरलं, तेव्हा झाकण उघडलं. तुझ्या बापानेच. मला केसाला धरून वर काढला आणि पहिला शब्द काय बोलला, माहितीय? 'एकच?' तेवढंच. एकच?"

खालून पहारेकऱ्याने विचारलं, "साहेब, ठीक ना?" मी ओरडून ठीक म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. मी दवाखान्यातल्या एखाद्या रोग्यासारखा हसतमुखपणे ठीक म्हणालो होतो.

"चौकशी झाली," टिल्लूकाका म्हणाले. आता त्यांचा श्वास जरा मार्गी लागला होता. "उघडलं असतं तर पाणी वरच्या मजल्यावर आलं असतं, जहाज कललं असतं. वर एकशेवीस माणसं. साहेबांनी खडूने फळ्यावर काढून दाखवलं सगळ्यांना. त्याला पत्र दिलं. प्रसंगावधान. बरोबरच होतं ते. मी तर तिथल्या तिथे म्हटलं, बरोबर केलं. पहिलवानाच्या बायकोकडे मीच गेलो सांगायला. पाया पडून सांगितलं, वहिनी, उघडता येत नव्हतं. आलं असतं तर कुलपाने उघडलं असतं, तो तसा माणूस नाही. तिने विश्वास ठेवला माझ्यावर. का नाही ठेवणार, मी तर आतून आलेलो. आजही तिच्याकडे जातो मी, दर महिन्याला, पहिल्या रविवारी. आणि दुसऱ्या रविवारी तुमच्याकडे."

पहिला रविवार आणि दुसरा रविवार. म्हणजे आमच्या दाराखाली वीट सरकवलेली असायची तेव्हा त्या खुर्चीत बसलेला माणूस आठच दिवसांपूर्वी तिकडे बसून आलेला असायचा, आणि बाबांना ते माहीत होतं, आणि ते छत्रीच्या काड्या सरळ करत होते. मला राग आला. कुणाचा, ते कळेना. माझ्या नऊ ओळींचा आला असावा. माझी बहीण एकदा न्हाणीघरात अडकली होती, सहा वर्षांची, आतून कडी बसलेली, ती आतून दार बडवत होती. बाबांनी खांद्याने दार पाडलं होतं. चौकटीसकट. नंतर ते गॅलरीत जाऊन ओकले. खांदा दुखावला म्हणून ओकले, असं आई म्हणाली, आणि आम्हीही तेच म्हणत राहिलो. कुटुंबवत्सल. माझ्या खिशातला कागद घामाने शर्टाला चिकटला होता.

"तो कधी बोलला नाही माझ्याशी त्याबद्दल," टिल्लूकाका म्हणाले. "मीही नाही विचारलं. काय विचारणार? पण वाटायचं, जायच्या आधी एकदा बोलेल. डोळ्याचं काम नेमकं तेव्हाच निघालं. तू होतास ना त्याच्यापाशी?"

"होतो."

"काय बोलला शेवटी? माझं काही?"

शेवटचे तीन दिवस बाबा एकच बोलत होते. उघडू नका. आवाज घोगरा, डोळे मिटलेले, पण शब्द स्वच्छ. उघडू नका. बहिणीने खिडकी लावली. नर्सने पडदा ओढला. आईने उठून खोलीचं दार लावलं, कडी घातली, आणि त्यांना दिसावं म्हणून कडीवर तळवा ठेवून दाखवला. तरी उघडू नका. "जन्मभर दारं लावत आला हा माणूस," आई रडता रडता हसली होती, "आता तरी सुटू दे." नर्स म्हणाली, तोंडावरचा ऑक्सिजनचा मुखवटा त्यांना नको असेल. मग ती म्हणाली, हवा असेल. मी खाटेपाशी बसून होतो, आणि हाताला चाळा म्हणून औषधांच्या फायलीच्या मागे ते शब्द आमच्या लिपीत उतरवत होतो, दर वेळी, वेळ घालून. असा माणूस आहे मी. कुणी मरत असलं तरी उतरवून घेतो. आणि आता या खोक्यात बसून मला कळत होतं की ते आमच्याशी बोलतच नव्हते. ते झाकणावर उभे होते. अजून उभे होते. सत्तेचाळीस वर्षांनी, मरताना, समोर धावून आलेल्या माणसांना सांगत होते, उघडू नका.

हे मी या माणसाला सांगू? हे, या, माझ्या हट्टाने पत्र्याच्या डब्यात येऊन बसलेल्या, हात वर धरणाऱ्या माणसाला? की काका, शेवटच्या क्षणापर्यंत त्यांनी तुम्हाला आत ठेवलं? त्यांचा एक डोळा माझ्या तोंडावर होता. साक्षीदाराकडे न्यायाधीश बघतो तसा नव्हे. फाटकाशी उभं राहून आपलं कुणी घ्यायला आलंय का, हे शोधणाऱ्या पोराच्या नजरेने. माझ्या हातात दोन शब्द होते. त्यातला एक काढून टाकायचा, दुसऱ्याचं शेपूट बदलायचं, बस. तीस वर्षांत मी कुणाच्या जबानीत काना-मात्रेचा फरक केला नव्हता.

"उघडा म्हणत होते," मी म्हणालो. "तीन दिवस. तेवढं एकच. उघडा, उघडा."

म्हटल्याबरोबर मला हलकं वाटलं. लबाडी करून इतकं हलकं वाटतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात दाबला. ते रडतील, अशी माझी अपेक्षा होती. मग मीही रडेन, नऊ दिवसांत रडलो नव्हतो.

"उघडा?" टिल्लूकाका म्हणाले.

"हो."

"कुलूप म्हणाला, उघडा?"

"हो, काका."

त्यांनी हात माझ्या हातातून काढून घेतला. रागाने नाही, आपली वस्तू चुकून दुसऱ्याकडे राहिलेली परत घ्यावी, तसा. मग बराच वेळ ते समोरच्या दाराकडे बघत राहिले. त्यांचा श्वास पूर्ण शांत झाला होता, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

"म्हणजे उघडता येत होतं," ते म्हणाले.

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. जिन्यावरून उतरताना एक पायरी नसावी आणि पाय तसाच खाली जात राहावा, तसं झालं. "नाही काका, तसं नाही—"

"त्याला माहीत होतं. त्यालाच माहीत असणार, तो वर होता. मनात धरून बसला बिचारा इतकी वर्षं. मी समोर बसून घड्याळं दुरुस्त करत होतो, आणि तो मनात म्हणत असेल, उघडायला हवं होतं." त्यांनी ओठ पुसले. "तिला सांगितलं मी, उघडता येत नव्हतं. पाया पडून सांगितलं रे."

"काका, ऐका. मी खोटं बोललो. ते उघडा म्हणत नव्हते. उघडू नका म्हणत होते. माझ्याकडे लिहिलेलं आहे, तारीख-वार, वर घरात फाईल आहे. उघडू नका. मी शपथेवर सांगतो."

ते माझ्याकडे बघून हसले. इतकं मायाळू हसले की मला ओरडावंसं वाटलं. "बापावर गेलायस," ते म्हणाले. "दुसऱ्याचं दुखणं स्वतःच्या अंगावर घ्यायचं. मला बरं वाटावं म्हणून फिरवतोयस आता. राहू दे. पहिल्यांदा तोंडातून येतं तेच खरं असतं."

हे मी स्वतः कितीदा म्हटलं असेल, नव्या लघुलेखकांना. साक्षीदार नंतर फिरवतात, पहिलं वाक्य चुकवू नका. मी पुन्हा सांगितलं. मी आईची शपथ घेतली, बहिणीला विचारा म्हटलं, नर्सला विचारा. प्रत्येक वाक्यागणिक ते मान हलवत होते, समजूत घालत असल्यासारखे, आणि मी अधिकाधिक खोटारडा दिसत होतो. फळ्यावरचं खडूचं चित्र, एकशेवीस माणसं, कलणारं जहाज, त्यांनीच आत्ता मला सांगितलेलं सगळं मी त्यांना परत सांगत होतो. "हो, ते साहेबांनी काढलं होतं," ते म्हणाले. "साहेब झाकणावर नव्हते."

लिफ्ट हलली. वर नाही, खाली; मेकॅनिकने हाताने सोडली असावी. तिसऱ्या मजल्याशी ती अडखळत थांबली, बाहेरून पहार घातली गेली आणि दाराच्या दोन्ही फळ्या हळूहळू बाजूला झाल्या. बाहेर पहारेकरी, मेकॅनिक, दोन शेजारणी, पाण्याचा तांब्या. "बघा, म्हटलं नव्हतं पंधरा मिनिटं?" पहारेकरी मोठ्या कौतुकाने म्हणाला. टिल्लूकाका भिंतीला धरून उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. बाहेर येऊन ते तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले, त्यांनी पट्टी सारखी केली आणि मेकॅनिकचे आभार मानले. वरून आईचा आवाज आला, "आले का रे भावजी? दार उघडंच ठेवलंय म्हणावं."

"चला काका, जिन्याने जाऊ," मी म्हणालो. "दोनच मजले. आईशी बोला. ती सांगेल तुम्हाला, ती तिथेच होती."

"वहिनींना म्हणावं, येईन पुन्हा," ते म्हणाले. कठड्याला धरून त्यांनी खालच्या पायरीवर पाय ठेवला होता. "आधी तिकडे जाऊन येतो. आज रविवार नाही, पण असेल ती घरी."

तिकडे म्हणजे कुठे, हे मला विचारावं लागलं नाही. मी त्यांच्या मागोमाग जिना उतरत राहिलो आणि प्रत्येक पायरीला तेच सांगत राहिलो, उघडू नका म्हणाले होते काका, उघडू नका, आणि ते न वळता, पायरीवर पाय चाचपत, हो रे बाळा, हो, म्हणत होते.